अहो, तुमचं मशीन चौसष्टचंच आहे!

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला त्यावर मागच्या अंकात चार ओळी लिहिल्या होत्या आणि शेवटी सहज टाकलं होतं की काही अडलं तर विचारा. आता प्रश्नांचा ढीग पडलाय समोर. त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांचा घोळ एकच, ३२ बिट की ६४ बिट (प्रोसेसर एका घासात केवढा आकडा घेतो ते माप), जुना प्रोसेसर की नवा, आणि कुठल्यावर कुठली सिस्टीम बसते. म्हणून या वेळी तेवढंच घेतोय, मोबाइलवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत कळ काढा. बऱ्याच जणांनी नाव छापू नका असं लिहिलंय, त्यामुळे फक्त गावं देतोय.

प्रश्न : नमस्कार सर. माझ्याकडे २००९ साली असेंबल करून घेतलेला पीसी आहे. इंटेल पेंटियम ड्युअल कोअर ई५२००, जी३१ चा मदरबोर्ड, २ जीबी रॅम. आधी एक्सपी होती, नंतर विंडोज ७ टाकून घेतली. प्रॉपर्टीजमध्ये ३२ बिट दाखवतं. भाचा म्हणाला मामा आता लिनक्स टाका, विंडोजऐवजी फुकट मिळते ती सिस्टीम, म्हणून त्यातलं डेबियन बघितलं तर डाउनलोडला एएमडी६४ नावाची फाइल आहे. माझा प्रोसेसर तर इंटेलचा, आणि तोही ३२ बिटचा. ३२ साठी आय३८६ नावाची फाइल लागते असं कळलं पण ती नव्या आवृत्तीत नाहीच. मशीन भंगारात काढायचं का?
– एक निवृत्त शिक्षक, कराड

उत्तर : गुरुजी, भंगारवाल्याला हाक मारू नका, तुमचं मशीन ६४ बिटचंच आहे. पहिल्या दिवसापासून आहे, तुम्हाला कोणी सांगितलं नाही एवढंच.

विंडोज ७ च्या प्रॉपर्टीजमध्ये जे '३२ बिट' दिसतं ते विंडोजबद्दल असतं, प्रोसेसरबद्दल नाही. ई५२०० हा चांगला ६४ बिटचा प्रोसेसर. पण त्या काळात असेंबल करणाऱ्याच्या बॅगेत जी सीडी असायची तीच सगळ्यांना टाकली जायची, ३२ वर सगळे ड्रायव्हर (प्रिंटर, साउंड वगैरेंना सिस्टीमशी जोडणारे तुकडे) बिनबोभाट बसायचे आणि रॅम १ किंवा २ जीबी असल्यामुळे कोणाला फरकही पडत नव्हता. त्यामुळे हजारो मशीनं अशी आहेत की चिप ६४ ची आणि आयुष्य गेलं ३२ मध्ये. तीन खोल्यांचं घर घेऊन स्वयंपाकघरातच झोपायचं, तसलं हे. विंडोज ८ पासून पुढे मायक्रोसॉफ्टने दोन्ही गोष्टी एका ओळीत दाखवायला सुरुवात केली, '३२ बिट ऑपरेटिंग सिस्टीम, एक्स६४ बेस्ड प्रोसेसर' अशी. ही ओळ ज्यांच्याकडे दिसेल त्यांनी समजून जायचं. तुमच्या विंडोज ७ मध्ये बघायचं असेल तर कंट्रोल पॅनलमध्ये परफॉर्मन्स इन्फर्मेशन अँड टूल्स उघडा, त्यात डिटेल्स छापायची लिंक आहे, तिथे '६४ बिट केपेबल' समोर 'येस' लिहिलेलं असेल.

आता एएमडी६४ या नावाची भानगड. हा प्रश्न मला इतक्या वेळा आलाय की एकदाचं सविस्तरच सांगतो. ३२ बिटचं घराणं सुरू झालं इंटेलच्या ८०३८६ या चिपपासून, १९८५ साली, म्हणून त्या फाइलींना आजही आय३८६ म्हणतात. पुढे ६४ वर जायची वेळ आली तेव्हा इंटेलने ठरवलं की जुनं सगळं बाजूला ठेवून नवीनच बांधायचं, आणि एचपीला सोबत घेऊन इटॅनियम नावाची चिप २००१ मध्ये आणली. तिच्यावर जुने प्रोग्रॅम चालायचे पण रडतखडत. एएमडीने उलटं केलं. त्यांनी जुन्या ३२ बिटच्या सूचना (चिपला कळणाऱ्या आज्ञा) जशाच्या तशा ठेवल्या आणि त्यावरच ६४ चा मजला चढवला, २००३ च्या एप्रिलमध्ये सर्व्हरसाठी ऑप्टेरॉन आणि सप्टेंबरमध्ये घरच्यांसाठी अ‍ॅथलॉन ६४. लोकांना हेच हवं होतं, जुनंही चालतंय आणि नवंही चालतंय. शेवटी २००४ मध्ये इंटेलने एएमडीचीच पद्धत आपल्या चिपमध्ये घेतली, फक्त नाव वेगळं ठेवलं. म्हणजे तुमच्या इंटेलच्या आत जी ६४ बिटची भाषा आहे ती मुळात एएमडीने लिहिलेली आहे. डेबियनवाल्यांनी ज्याने काढली त्याचं नाव ठेवलं, मायक्रोसॉफ्ट तिलाच एक्स६४ म्हणतं. सगळं एकच. बिनधास्त एएमडी६४ घ्या.

आय३८६ ची फाइल नाही सापडली तेही बरोबर आहे. डेबियन १३ हे ९ ऑगस्ट २०२५ ला आलं आणि त्यात ३२ बिटच्या पीसीसाठी ना कर्नल (सिस्टीमचा गाभा) आहे ना इन्स्टॉलर. ३२ चे काही भाग ठेवलेत पण ते ६४ च्या सिस्टीममध्ये जुने प्रोग्रॅम चालवण्यापुरते. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की ज्यांच्याकडे ३२ बिटचं डेबियन आहे त्यांनी १३ वर अपग्रेड करू नका, चिप ६४ ची असेल तर एएमडी६४ नव्याने टाका, नसेल तर मशीनला निवृत्ती द्या. (गंमत म्हणजे याच आवृत्तीत रिस्क-फाइव्ह ही प्रोसेसरची एकदम नवी जात पहिल्यांदा अधिकृत झाली. एक म्हातारं बाहेर, एक बाळ आत.)

तुम्ही असं करा. पेन ड्राइव्हवर ६४ बिटचं लाइव्ह डेबियन घ्या, एक्सएफसीई या डेस्कटॉपवालं हलकं असतं, आणि त्यावरून मशीन चालू करून बघा, हार्ड डिस्कला हात न लावता. चिप ६४ ची नसती तर पहिल्याच सेकंदाला इंग्रजीत स्वच्छ सांगितलं असतं की या कर्नलला एक्स८६-६४ लागतो, आणि तिथेच थांबलं असतं. काही बिघडत नाही. चाललं की मग आणखी २ जीबीची डीडीआर२ रॅम सेकंडहँड शोधा, जी३१ वर दोनच स्लॉट आहेत आणि जास्तीत जास्त ४ जीबी चालते, त्यापुढे पैसे घालू नका. पण एक लहानशी एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान चिपवाली डिस्क) नक्की घाला. रॅम दुप्पट केल्याने जेवढा फरक पडेल त्यापेक्षा जास्त तिने पडेल, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आणि हो, विंडोज ७ मधले फोटो आणि त्या मार्कलिस्टा आधी बाहेर काढून ठेवा.

प्रश्न : दादा, ६४ बिट टाकलं तर कमी रॅमवर मशीन उलट स्लो होतं असं दुकानदार म्हणतो. खरं का? आणि माझ्या ४ जीबीपैकी ३.२५ च का दिसते, दुकानदाराने फसवलं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दुकानदार स्लोबद्दल निम्मा बरोबर आहे म्हणा, आणि रॅममध्ये त्याने फसवलेलं नाही.

आधी रॅमचं. प्रोसेसर रॅममधल्या प्रत्येक बाइटला घर नंबर देतो. नंबराची पाटी ३२ खणांची असेल तर एकूण घरं होतात ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे बरोबर ४ जीबी. पण हे नंबर फक्त रॅमला मिळत नाहीत, ग्राफिक्स कार्ड, नेटवर्कची चिप, बायोस हे सगळे याच गल्लीत राहतात आणि तेही आपापले नंबर घेऊन बसतात. मग रॅमच्या वाट्याला सव्वातीन उरते. तुमची पाऊण जीबी कोणी चोरली नाही, ती घरात आहे, फक्त तिला दाराला पाटी नाही. यावर उपाय म्हणून १९९५ च्या पेंटियम प्रो पासूनच पाटी ३६ खणांची करायची सोय होती, ६४ जीबीपर्यंत जायची, आणि ३२ बिटच्या लिनक्सने ती वापरलीही, पण घरगुती ३२ बिट विंडोजने ४ जीबीची वेस ओलांडली नाही कारण बरेच ड्रायव्हर वरचा नंबर बघून गडबडायचे.

आता स्लोचं. ६४ मध्ये प्रत्येक पत्ता ४ ऐवजी ८ बाइटचा होतो त्यामुळे तेच काम करायला रॅम थोडी जास्त लागते, हे खरं. पण प्रोसेसरच्या हाताशी ज्या वाट्या असतात, ज्यात तो आकडे धरून ठेवतो, त्या ८ च्या १६ होतात, त्यामुळे सारखं रॅमकडे पळावं लागत नाही आणि प्रोग्रॅम पळतात जरा बरे. १ जीबी रॅम असलेल्या मशीनवर मी पूर्वी मुद्दाम ३२ टाकून द्यायचो. आता नाही देत, कारण ब्राउझरच राहिला नाही. ३२ बिट लिनक्ससाठी क्रोम २०१६ च्या मार्चमध्येच बंद झालं, आणि फायरफॉक्सने इतकी वर्षं सांभाळून घेतलं होतं त्यानेही १४४ या आवृत्तीनंतर हात टेकले. जुनी लांब मुदतीची १४० आहे ती काही महिने ढकलगाडी, मग संपलं. बँकेची साइट उघडत नसेल तर ती वाचवलेली रॅम काय लोणचं घालायला?

प्रश्न : आमची छोटी प्रेस आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, गणपतीची पावती पुस्तकं. कंपोजिंगचं जुनं मराठी सॉफ्टवेअर डोंगलवर, म्हणजे मशीनला ती किल्ली लावलेली असेल तरच, चालतं, विंडोज ७ ३२ बिट. मुलगा म्हणतो बाबा नवा पीसी घ्या, विंडोज ११ घ्या. पण डोंगल चालेल का? शिवाय गावातल्या पतसंस्थेचं एक डॉसमधलं (विंडोजच्या आधीची सिस्टीम) फॉक्सप्रोचं, म्हणजे नोंदी ठेवायचं, पॅकेज पण याच मशीनवर आहे, जुन्या नोंदी बघायला लागतात कधीतरी.
– प्रेसवाले, बार्शी

उत्तर : साहेब, या महिन्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुमचा आहे, कारण बाकीच्यांना प्रोसेसरची काळजी आहे आणि खरी अडचण कुठे येते ते तुम्हाला बरोबर कळलंय.

माझीच फजिती सांगतो. दहा-बारा वर्षांपूर्वी एका ओळखीच्या प्रेसमध्ये मी मोठ्या हौसेने ८ जीबी रॅम घातली आणि ६४ बिट विंडोज ७ टाकून दिली, म्हटलं आता बघा कसं पळतं. दिवाळी अंकाची सोळा पानं लावायची राहिली होती. सगळं बसलं, फोटोशॉप तर उडायलाच लागलं, आणि मग कंपोजिंगचं सॉफ्टवेअर उघडलं तर म्हणे डोंगल सापडत नाही. डोंगल समोर लावलेलं, लाल दिवा लागलाय, आणि ते म्हणतंय सापडत नाही. दोन रात्री गेल्या. मालक काही बोलले नाहीत पण चहा मागवायचं बंद केलं त्यांनी. शेवटी सगळं पुसून परत ३२ टाकलं, आणि ८ जीबी रॅममधली सव्वातीन जीबी दिसायला लागली, आणि अंक वेळेवर गेला. चूक माझी होती, मी प्रोसेसर बघितला, रॅम बघितली, डोंगलकडे बघितलंच नाही.

का होतं हे असं? ६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटचे प्रोग्रॅम व्यवस्थित चालतात, त्यासाठी आत एक वेगळी खोलीच दिलेली असते. (त्या खोलीच्या फोल्डरचं नाव सिसवॉव६४ आणि त्यात असतात ३२ च्या फाइली, तर सिस्टीम३२ नावाच्या फोल्डरमध्ये ६४ च्या. नाव सोनुबाई म्हणतात ते हेच.) पण ड्रायव्हर हा प्रोग्रॅम नसतो, तो थेट कर्नलमध्ये जाऊन बसतो, आणि कर्नल ६४ चा असेल तर ड्रायव्हर ६४ चाच लागतो, तिथे दुभाषा चालत नाही. डोंगल बनवणाऱ्याने ६४ चा ड्रायव्हर काढला असेल तर काम झालं, नसेल तर कितीही आपटा. तुमचं जुनं प्रिंटर, स्कॅनर, सगळ्यांना हाच नियम.

तेव्हा आधी डोंगल हातात घ्या, त्यावर कंपनीचं नाव आणि मॉडेल असतं, आणि सॉफ्टवेअरवाल्यांना फोन करून एकच विचारा, ६४ बिट विंडोजचा ड्रायव्हर आहे का. बऱ्याचदा यूएसबी डोंगलचा असतो. प्रिंटरच्या पोर्टला लागणारं जुनं जाड डोंगल असेल तर आशा कमी, आणि नव्या पीसीला ते पोर्टही नसतं.

फॉक्सप्रोचं वेगळं आहे. डॉसचे प्रोग्रॅम १६ बिटचे. ३२ बिटच्या विंडोजमध्ये ते चालायचे कारण प्रोसेसरमध्ये जुन्या ८०८६ चं सोंग घ्यायची एक सोय होती, १९७८ सालच्या चिपचं. प्रोसेसर ६४ च्या मोडमध्ये गेला की ही सोय मिळत नाही, म्हणून ६४ बिट विंडोजमध्ये डॉसचं दुकान मुळातच नाही. आणि विंडोज ११ ही फक्त ६४ मध्येच येते, ३२ ची निघालीच नाही. पण घाबरू नका, डॉसबॉक्स नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, तो सगळा प्रोसेसरच नाटकासारखा उभा करतो, त्यात फॉक्सप्रोचं पॅकेज नुसतं बघण्यापुरतं चांगलं चालतं. त्याहून बरं म्हणजे त्या डीबीएफ फाइली (फॉक्सप्रोच्या नोंदींच्या) लिब्रेऑफिस कॅल्क या एक्सेलसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये उघडतात, एकदा बसून सगळ्या नोंदी शीटमध्ये काढून ठेवा. मराठी नावं जुन्या फॉन्टच्या कोडमध्ये असतील तर कचरा दिसेल, ते युनिकोडमध्ये (आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या कोडमध्ये) बदलून घ्यावं लागेल, पण ते दुखणं ३२-६४ चं नाही, कधीतरी काढायचंच होतं.

माझं मत विचाराल तर दोन मशीनं ठेवा. जुनं ३२ बिटचं प्रेसच्या कोपऱ्यात, नेटची वायर काढून, फक्त डोंगल आणि जुन्या फाइली. पेन ड्राइव्ह तिकडून इकडे नेताना स्कॅन करून. नवं ६४ चं मुलाला द्या, त्यात युनिकोडमध्ये नवी कामं सुरू करू दे. डोंगल ज्या दिवशी मरेल त्या दिवसापर्यंत जुन्या पत्रिकांचे नमुने नव्यात आलेले असले म्हणजे झालं. आणि त्या जुन्या मशीनचं एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) एक जास्तीचं आणून ठेवा, आधी तेच जातं.

प्रश्न : माझा आय५ चौथ्या जनरेशनचा डेस्कटॉप आहे, ८ जीबी रॅम, एसएसडी, अजून मस्त पळतो. विंडोज ११ म्हणते प्रोसेसर सपोर्टेड नाही. मग माझं आर्किटेक्चर जुनं झालं का? ६४ बिट आहे ना?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आहे ना, ६४ आहे. आर्किटेक्चर तेच आहे जे आजच्या नव्या कोऱ्या आय५ मध्ये आहे. पण ६४ मध्येही पायऱ्या आहेत हे आता कळायला लागलंय सगळ्यांना.

पहिली पायरी २००३ ची. दुसरी साधारण २००८ च्या शेवटी पहिल्या कोअर आय मालिकेबरोबर आली, त्यात पॉपकाउंट वगैरे सूचना वाढल्या. तिसरी २०१३ ला, म्हणजे तुमचीच चौथी जनरेशन. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती दुसऱ्या पायरीतल्या सूचना नसतील तर चालूच होत नाही, म्हणजे कोअर टू ड्युओवाल्यांनी कितीही जुगाड केला तरी दार बंद, कारण ती सूचना चिपमध्ये कोरलेलीच नाही. रेड हॅट या लिनक्सवाल्या कंपनीने तर २०२५ मध्ये आलेल्या १० व्या आवृत्तीला थेट तिसरी पायरी मागितली.

आता तुमची गंमत बघा. तुमची चिप तिसऱ्या पायरीवर आहे, रेड हॅट १० चालेल, आणि विंडोज ११ नाही म्हणते. कारण मायक्रोसॉफ्टची अट सूचनांची नाहीये फक्त, त्यांनी यादी केलीय, इंटेलची आठवी जनरेशन आणि पुढे, वर टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (फक्त सहीवाली सिस्टीमच चालू होऊ देणारी सोय). म्हणजे कोअर टू वाल्याला चिपने अडवलं आणि तुम्हाला यादीने. यादी चुकवून विंडोज ११ टाकायचे जुगाड आहेत, घरच्या खेळण्याच्या मशीनवर करा हवं तर, पण ज्यावर ऑफिसचं काम आहे त्यावर नको, मोठा अपडेट आला की दरवेळी तीच कटकट.

घाई करू नका. विंडोज १० ला वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात, सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर नोंदणीची लिंक येते, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की पैसे लागत नाहीत. तेवढ्या वेळात लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवरून चालवून बघा. तुमच्या मशीनवर ते फार छान चालेल. टॅली किंवा ऑटोकॅड असेल तर मात्र मिंटच्या नादी लागू नका, सेकंडहँड आठव्या जनरेशनचा ऑफिसातून निघालेला पीसी घ्या, बाजारात भरपूर आहेत.

प्रश्न : मी सीएची आर्टिकलशिप करतेय. नवीन स्नॅपड्रॅगनचे विंडोज लॅपटॉप बघितले, बॅटरी दिवसभर चालते म्हणतात. घेऊ का? मैत्रिणीला सेकंडहँड मॅकबुक मिळतंय इंटेलचं, स्वस्तात, तिचं पण सांगा.
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, बॅटरीचं खरं आहे. हे लॅपटॉप आर्म जातीच्या चिपवर चालतात, मोबाइलमध्ये असते तीच जात, आणि २०२४ च्या जूनपासून स्नॅपड्रॅगन एक्सवाले आले तेव्हापासून ते खरोखर वापरण्याजोगे झालेत. इंटेलसाठी लिहिलेले प्रोग्रॅम त्यावर भाषांतर होऊन चालतात, प्रिझम नावाचा दुभाषा आत बसवलाय, आणि वर्ड-एक्सेल-क्रोम तर मूळचेच आर्मचे आहेत.

पण बार्शीच्या प्रेसवाल्यांचं उत्तर वाचलंत ना? तेच इथे. दुभाषा प्रोग्रॅमचं बोलणं भाषांतर करतो, ड्रायव्हरचं नाही. आणि तुमच्या धंद्यात डिजिटल सिग्नेचरचं यूएसबी टोकन रोज लागतं. त्या टोकनचा आर्मसाठी ड्रायव्हर आहे का, ऑफिसातल्या प्रिंटर-स्कॅनरचा आहे का, हे टोकन देणाऱ्याकडून लेखी मेलवर विचारून घ्या. 'चालायला पाहिजे' असं उत्तर आलं तर ते 'नाही' समजा. ३१ जुलैच्या आदल्या रात्री रिटर्नवर सही होत नाही म्हणून कोणाच्या तरी लॅपटॉपसाठी धावायचं असेल तर बॅटरी दिवसभर चालून काय करायचंय. तुमच्या जागी मी असतो तर अजून एक लॅपटॉप इंटेल किंवा एएमडीचाच घेतला असता, आणि आर्मचा त्यापुढचा.

मैत्रिणीला सांगा नको. अ‍ॅपल जुन्या चिपला फार दिवस सांभाळत नाही, १९९४ ला एकदा जात बदलली, २००६ ला इंटेल घेतलं, २०२० च्या नोव्हेंबरात स्वतःच्या एम१ वर गेले. मॅकओएस २६ ही इंटेलच्या मॅकसाठी शेवटची आहे असं त्यांनी जाहीर केलंय, आणि तीसुद्धा सगळ्या इंटेल मॅकवर बसत नाही, मोजक्याच. फारच फुकटात मिळत असेल आणि त्यावर पुढे लिनक्स टाकायची हौस असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर थोडे पैसे जास्त घालून जुनं एम१ घे म्हणावं.

प्रश्न : माझ्याकडे अ‍ॅटम एन२७० चं छोटं नेटबुक आहे, १ जीबी रॅम. सगळ्या युक्त्या केल्या, ६४ बिट नाहीच घेत. आणि ३२ बिटवाली मशीनं २०३८ ला बंद पडणार हे खरं का?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : चला, या ढिगात खरंखुरं ३२ बिटचं मशीन एक तरी निघालं! एन२७० ला ६४ मुळातच नाही, युक्त्या थांबवा. त्यावर अँटीएक्स या लिनक्सची ३२ बिटवाली २३ क्रमांकाची आवृत्ती टाका, डेबियन १२ वर बांधलेली आहे आणि फार हलकी. टायपिंग, जुनी गाणी, पीडीएफ वाचायला ठीक. बँक, मेल, काही नाही त्यावर.

२०३८ चं खरं आहे, पण मशीन बंद पडणार नाही, घड्याळ चुकेल. युनिक्सच्या घराण्यात (लिनक्स त्यातलंच) वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजतात आणि तो आकडा ३२ बिटच्या खणात ठेवला तर १९ जानेवारी २०३८ ला, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी खण भरतो, पुढच्या सेकंदाला तारीख उडी मारून १९०१ च्या डिसेंबरात जाते. डेबियनने बाकीच्या ३२ बिट चिपांसाठी खण मोठा करून घेतला पण आय३८६ चा मुद्दाम तसाच ठेवला, कारण तो आता फक्त जुने प्रोग्रॅम चालवण्यासाठी आहे आणि खण बदलला तर तेच चालायचे नाहीत. तुमच्या नेटबुकची बॅटरी त्याआधी फुगेल, तेवढं महिन्यातून एकदा उलटं करून बघत जा.